टायरचा बाण बघा, मग ट्रॅक्टरला नावं ठेवा



परवा एका भावानं विचारलं, "दादा, मोठं ट्रॅक्टर घेऊ का? हे काळ्या रानात ओढतच नाही, जागेवर चाक फिरतंय." मी म्हणलं, आधी ट्रॅक्टरच्या मागं उभा राहा अन् टायर बघ. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पण हे मी खिशाला चाट लागल्यावर शिकलोय, म्हणून लिहितो.

दोन वर्षांमागं बीबीएफवर सोयाबीन पेरायचं म्हणून मे महिन्यात मागच्या चाकांमधलं अंतर वाढवून घेतलं. पंक्चरवाल्यानं दोन्ही चाकं काढली, जागच्या जागी उलटी केली अन् बोल्ट आवळले. मीही उभा होतो, काही बोललो नाही. वरच्या बरडावर मोगडा मारला, फरक जाणवला नाही. आमच्या माहूरकडं रानं अशीच, डोंगरउताराला मुरमाड अन् खाली पैनगंगेकडं भारी काळी.

पेरणीला खालच्या रानात उतरलो. वापसा जेमतेमच होता. दोन-चार तास झाले अन् चाकं चिखलानं भरून गुळगुळीत, ट्रॅक्टर बसलं. धुऱ्यापलीकडं शेजाऱ्याचं तसलंच ट्रॅक्टर चालत होतं. तिथले काका आले अन् म्हणले, "अरे बाबा, तुझे टायर उलटे बसलेत." चाकं बदलेपर्यंत दिवस मावळला. रात्री पाऊस आला अन् पुढं आठवडाभर रानात पाय ठेवता आला नाही. उशिरा पेरलेल्या त्या तुकड्याला शेंगा भरताना पाण्याचा ताण बसला. उतारा किती घटला ते सांगत नाही, जखम अजून ताजी आहे.

आता कारण समजून घ्या. मागच्या टायरवरचे जाड रबरी दाते तिरपे असतात. टायर सरळ असला की दात्यांचं मधलं टोक आधी जमिनीत शिरतं, मग कडा. त्यामुळं चिखल मधून कडेला सरकतो अन् चाक फिरताना गळून पडतो. टायर उलटा असला की कडा आधी टेकतात, चिखल मधोमध गोळा होऊन दाबला जातो. दाते बुजले की पकड गेली. कोरड्या कडक जमिनीत हे कळत नाही, ओल्या काळ्या मातीत लगेच कळतं.

ओळखायचं कसं? मागं उभं राहून बघा. दाते घराच्या छपरासारखे दिसले पाहिजेत, टोक वर. मातीत उमटलेल्या ठशाचं टोक मात्र ट्रॅक्टर जिकडून आलं तिकडं पाहिजे. शिवाय टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण असतोच.

चाक त्याच बाजूला उलटं केलं की बाण उलटा होतो. म्हणून डिश उलटवून अंतर वाढवायचं असेल तर डावं चाक उजवीकडं अन् उजवं डावीकडं गेलं पाहिजे. एवढं एक वाक्य माहीत असतं तर माझी पेरणी वाचली असती.

काही जण मुद्दाम टायर उलटे करतात. डांबरी रस्त्यावर ट्रॉली ओढून दाते एका अंगानं झिजतात, उलटे केले की दुसरी कड कामाला येते. ज्याचं ट्रॅक्टर बारा महिने रस्त्यावरच आहे त्यानं करावं. पण काळ्या रानात पेरणी करणाऱ्यानं हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. टायरचे पैसे वाचतात अन् डिझेल, वेळ, वापसा जातो.

बाण सरळ केला की सगळं झालं असंही नाही. टायरमधली हवा, मागचं वजन अन् रानातली ओल हे सगळं बघावं लागतं. घसरण मोजायची सोपी रीत आहे. टायरवर खडूची खूण करा. त्याच रानात अवजार उचलून चाकाचे दहा फेरे मोजा, मग अवजार लावून दहा फेरे. समजा पहिल्यांदा 40 मीटर गेलं अन् दुसऱ्यांदा 34, तर घसरण 15 टक्के. एवढ्यापर्यंत चालतं. त्याच्या पुढं गेली तर दोष शोधा. अन् बाण सरळ असूनही चाकं भरत असतील तर रान तयार नाही, घरी जा. ओल्या रानात रेटलं तर जमीन दबते, ते नुकसान टायर बदलून भरत नाही.

आपल्या गटात कृषी सहायक अन् विद्यापीठाची माणसंही आहेत, त्यांना एक विनंती. शेतीशाळेत बियाणं-खतावर बोलता तसं एकदा शेतकऱ्यांना ट्रॅक्टरच्या मागंही उभं करा. पाच मिनिटं लागतील.

अन् तुम्ही सगळे, आज संध्याकाळी दावणीवरून येताना तेवढं टायरकडं बघून या. उलटे निघाले तर लाजू नका, खाली लिहा. माझेही उलटेच होते.