पदवीधर मांत्रिक

मुलगा मुलावर किंवा मुलगी मुलीवर प्रेम करते हे कळले की घरात पहिला हुकूम सुटतो, 'लग्न लावून टाका, येईल ताळ्यावर.' ते जमले नाही की दुसरा, 'डॉक्टरला दाखवा.' आणि पदव्या भिंतीवर टांगून बसलेले महाभाग धडधाकट पोराला 'बरे' करून द्यायची हमी देतात! मनगटाला तारा जोडायच्या, पुरुषाचे चित्र समोर धरायचे आणि बटण दाबायचे, या क्रौर्याला एके काळी शास्त्र म्हणून मिरवले गेले. त्याचीच भावंडे म्हणजे गुंगीच्या गोळ्या, इंजेक्शने आणि फोन काढून घेऊन कोंडून ठेवणे.

अज्ञानाची सबब कोणीही सांगू नये. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांनी असल्या 'उपचारां'ना मनाई केली, करणाऱ्याचा परवाना काढून घ्या असे बजावले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हे गैरवर्तन ठरवले. एवढे होऊनही ज्यांची दुकाने चालू आहेत, त्यांना कोणाचे अभय आहे?

हा 'बरा' झालेला माणूस एकदा नीट पाहा. दाराची कडी वाजली की त्याला दरदरून घाम फुटतो. झोपेत तो किंचाळत उठतो. स्पिरिटचा वास आला की हातपाय गार पडतात. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे ज्या व्याधीला १९८० साली पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक विकार) हे नाव मिळाले, तीच ही. ती त्याला जन्मतः नव्हती. आईबापांच्या संमतीने, पैसे मोजून लावली गेली. सर्वांत संतापजनक गोष्ट पुढेच आहे. या व्याधीवर इलाज आहे, पण त्यासाठी डॉक्टरसमोर बसून मन मोकळे करावे लागते, आणि ज्याला डॉक्टरच्याच खोलीत छळले, तो त्या खोलीची पायरी पुन्हा कशी चढेल? तृतीयपंथीयांना तर केसपेपर काढण्याच्या रांगेतच टिंगल सोसावी लागते.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवायला माणसाला झोडपणारा भगत तुरुंगात जाऊ शकतो. मग नावापुढे 'डॉ.' लावून तेच करणारा मोकाट का? महाराष्ट्र वैद्यक परिषदेने तक्रारींची वाट पाहत बसू नये. आईबापांच्या धाकाखालचे पोर तक्रार करायला येणार कुठून? परिषदेने स्वतः चौकशी करावी, दोषींची नावे जाहीर करावीत, परवाने रद्द करावेत. विधिमंडळाने या छळाला फौजदारी गुन्हा ठरवणारा कायदा येत्या अधिवेशनातच करावा!