हिशेबाची वही मुलांच्या हाती द्या

हिवाळा लागला की जिल्हा परिषदेच्या शाळांमधून बाल आनंद मेळावा भरतो. कुठे त्याला आनंद बाजार म्हणतात, तर स्काउट-गाइडचे पथक असेल तिथे 'खरी कमाई'. पटांगणात फक्कीच्या रेघा मारून जागा आखलेल्या असतात. गोणपाट अंथरून पोरे बसतात. पुढ्यात मेथीच्या जुड्या, बोरे, हरभऱ्याचे डहाळे, घरून तळून आणलेले पापड, एखाद्या पातेल्यात भेळ. चौथीतली एखादी मुलगी मेथी दहाला जुडी लावून बसलेली असते. भाव आईने सकाळीच सांगितलेला. तासाभराने शेजारचा मुलगा जुडी आठला देऊ लागतो आणि तिचे गिऱ्हाईक फिरते. आता काय करायचे हे सांगायला आई जवळ नसते आणि बाई पलीकडच्या रांगेत असतात. तेवढ्यात गावातली एक आजी वीसची समजून पन्नासची नोट हातावर ठेवते, दहा रुपये परत घेते आणि चालू लागते. मुलगी नोट उलटसुलट करून बघते, उठते आणि आजीमागे धावते.

त्याच दिवशी सकाळी परिपाठ झालेला असतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि बोधकथा, असा रोजचा क्रम. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये मूल्यशिक्षणाची दहा मूल्ये ठरलेली आहेत. राष्ट्रभक्तीपासून श्रमप्रतिष्ठेपर्यंत आणि वैज्ञानिक दृष्टिकोनापासून वक्तशीरपणापर्यंत सगळे त्यात आले. बहुतेक मुलांना ती घडाघडा म्हणूनही दाखवता येतात. परिपाठ वाईट नाही, तो हवाच. पण प्रामाणिकपणा त्या मुलीच्या अंगी उतरला असेल तर तो हातात पन्नासची नोट आली आणि पाहणारे कोणी नव्हते, त्या क्षणी. शाळा-महाविद्यालयांनी मुलांना असे क्षण किती दिले, यावर चारित्र्याची घडण अवलंबून आहे. हल्ली ते फार कमी मिळतात.

चारित्र्य सांगून येत नाही, हे सगळेच मान्य करतात. तरीही उपाय म्हणून पुढे येते ते नवे पुस्तक, नवा तास, नाहीतर बाहेरून बोलावलेल्या वक्त्याचे व्याख्यान. मे महिन्यात गावोगाव व्यक्तिमत्त्व विकास शिबिरे भरतात. त्यांत सभाधीटपणा, संभाषण, मुलाखतीची तयारी शिकवतात. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढले आहे, अशा मुलाला त्याचा उपयोग होतो आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण चारचौघांत नीट बोलता येणे वेगळे आणि चारचौघांची जबाबदारी पेलता येणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीसाठी मुलाच्या हाती खरोखरचे काम द्यावे लागते. ते बिघडले तर चार माणसांची अडचण होईल, असे काम.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या धनिणीच्या बागेत त्यांचे वसतिगृह होते. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा सगळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत आणि एका पंगतीत जेवत. स्वयंपाक, भांडी, पाणी भरणे, झाडलोट, शेतातली कामे हे सारे मुलांनी स्वतः करायचे. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य पुढे संस्थेच्या बोधचिन्हावर आले, पण त्याआधी ते धनिणीच्या बागेतल्या चुलीपाशी रोज पाळले जात होते.

त्या काळात एका पंगतीत बसणे ही काय गोष्ट होती, हे आजच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागते. गावात ज्याची सावली चालत नसे, त्याने थापलेली भाकरी दुसऱ्याने खायची होती. समतेवरचे व्याख्यान ऐकून मुलगा मान डोलावू शकतो आणि घरी जाऊन होते तसेच वागू शकतो. रोज सकाळ-संध्याकाळ एकमेकांच्या हातचे खाल्ल्यावर ते जमत नाही. भाऊरावांना हे स्वानुभवाने ठाऊक होते. विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात असताना ते अस्पृश्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क होस्टेलच्या उद्घाटनाला गेले. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे त्यांच्या स्वतःच्या बोर्डिंगात धान्य संपले, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. त्या घरात मुलांनी काय पाहिले असेल, याचा विचार केला की संस्कार या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पुढे 'कमवा आणि शिका' ही रयतची ओळखच झाली. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. मुलांनी जमीन खणली, दगड फोडले, बागा लावल्या आणि त्यातून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवला. गरीब घरातून या बोर्डिंगात आलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोचले. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत आणि राज्यातल्या अनेक विद्यापीठांत 'कमवा व शिका' योजना चालते. ग्रंथालयात, कार्यालयात, रोपवाटिकेत तासाच्या हिशेबाने काम करणारी मुले तिथे दिसतात. खेद एवढाच की या योजनेवर आता 'गरिबांसाठीची' असा शिक्का बसला आहे. भाऊरावांच्या बोर्डिंगात घरची परिस्थिती बघून कामे वाटली जात नसत.

दुसरे उदाहरण खानदेशातले. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. गुरुजींनी नोटीस लावली नाही की दंड केला नाही. मुले शाळेत गेली की ते स्वतः खोल्या झाडायचे, अंथरुणांच्या घड्या घालायचे, कंदिलाच्या काचा पुसून ठेवायचे. काही दिवसांत मुलांना ओशाळल्यासारखे झाले आणि ती आपापली कामे आपणच करू लागली. त्याच छात्रालयासाठी गुरुजी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक लिहीत. एका वसतिगृहापुरते दैनिक, तेही रोज हाताने लिहायचे. मुलांकडून नेमाची अपेक्षा करणाऱ्याने आधी स्वतः किती नेम पाळावा, हे त्यावरून कळते.

हे सगळे जुन्या काळाचे कौतुक म्हणून सांगितलेले नाही. आजही जिथे मुलांवर विश्वास टाकला जातो तिथे हेच घडते. मुलांनीच चालवलेली वसतिगृहाची मेस हे त्याचे सहज दिसणारे उदाहरण. महिन्याच्या सुरुवातीला दोघे मेस सेक्रेटरी निवडले जातात. पहाटे भाजी मंडईत जायचे, भाव करायचा, पावती घ्यायची. कोठीतले तांदूळ, डाळ, तेल मोजून स्वयंपाकाच्या मावशींना काढून द्यायचे. कोण गावी गेले, कोणाचा किती दिवसांचा खाडा धरायचा, रविवारच्या फीस्टला पाहुणा आणला त्याचे पैसे कोणी भरायचे, हे सगळे वहीत उतरवायचे. महिनाअखेर ती वही सर्वांपुढे उघडायची आणि साठ जणांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. गेल्या महिन्यात तेल इतके कमी लागले, मग या महिन्यात जास्त का? या एका प्रश्नात एकोणीस वर्षांचा मुलगा जे शिकतो ते कुठल्याही तासाला शिकवता येत नाही. जवळच्या मित्राचा खाडा दोन दिवसांनी वाढवून लिहायचा मोह त्याला होतो. तो मोह टाळला तर मित्र रुसतो, नाही टाळला तर बाकीच्यांचा भाग वाढतो. पुढे तो ग्रामसेवक होईल, बँकेत अधिकारी होईल किंवा सोसायटीचा खजिनदार होईल, तेव्हा हाच प्रसंग मोठ्या आकड्यांत त्याच्यापुढे येणार आहे.

आता बहुतेक ठिकाणी मेस ठेकेदाराकडे गेली आहे. व्यवस्थापनाला ते सोयीचे पडते आणि अभ्यासाचा वेळ वाचतो म्हणून पालकही खूश असतात. स्नेहसंमेलनाचा मांडव, जेवण, ध्वनिव्यवस्था हेही एकाच कंत्राटात उरकते. शाळेतल्या कार्यानुभवाच्या वस्तू दुकानात तयार मिळतात आणि प्रकल्पाची वही आई रात्री जागून पूर्ण करते. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ या काळात ज्या कार्यानुभवाचा आग्रह धरला, त्याच्या नावाखाली मुलांच्या हाताला कामच उरलेले नाही. मुलाचा वेळ वाचवण्याच्या नादात त्याची सवयच मोडते, हे पालकांनी आणि शिक्षकांनी लक्षात घ्यायला हवे.

मात्र काम द्या म्हणताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागेल. कित्येक शाळांत आजही वर्ग झाडायची पाळी मुलींची आणि घंटा द्यायची मुलांची असते. स्वच्छतागृह धुवायला कोणाला सांगितले जाते याकडे नीट पाहिले, तर जात आणि गरिबी दोन्ही दिसतात. श्रमप्रतिष्ठेचा सुविचार फळ्यावर आणि खराटा ठरावीक हातात, यातून मुले श्रमाची अप्रतिष्ठाच शिकतात. म्हणून पाळी सगळ्यांची हवी: मुलगा-मुलगी, सरपंचाचे पोर आणि शेतमजुराचे पोर, आणि त्यांच्याबरोबर शिक्षकही. काम ही शिक्षा तर कधीच असता कामा नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली आहे. उशिरा आला म्हणून पटांगण झाडायला लावणे, हे त्या कायद्याच्या आणि श्रमाच्याही विरुद्ध आहे. अशा शाळेत 'आमची पोरे झाडायला पाठवत नाही' असे पालक म्हणाले, तर त्यांचा राग समजून घ्यावा लागेल.

दुसरी बाजू मोठ्यांच्या वागण्याची. दरवर्षी बारावीची परीक्षा आली की कॉपीमुक्त अभियानाची घोषणा होते, भरारी पथके नेमली जातात, केंद्रांवर पोलीस उभे राहतात. तरीही काही केंद्रांच्या भिंतींवर चढून चिठ्ठ्या पुरवणाऱ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतातच. ते चढणारे बहुतेक वेळा मोठे असतात, भाऊ, काका, ओळखीचे. आपल्याला स्वतःच्या बळावर पास होता येणार नाही, अशी घरच्यांची खात्री आहे, एवढेच त्या मुलाला त्यातून कळते. त्याच्या मनाला याची जी जखम होते ती गुणपत्रिकेने भरून येत नाही. त्यापेक्षा तो एका विषयात नापास होऊन पुरवणी परीक्षेला अभ्यास करून बसला, तर अधिक ताठ मानेने कॉलेजात जाईल.

महाविद्यालयांत यासाठी हाताशी असलेले सर्वांत मोठे साधन म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातल्या ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे, असा तिचा नेम आहे. २४० तास म्हणजे थोडा वेळ नाही. पण अनेक ठिकाणी शिबिराचे सात दिवस फेरी, भाषण, फलक आणि फोटो यांत संपतात, आणि मुले प्रमाणपत्रापुरती उरतात.

त्याऐवजी दत्तक गावात एकच काम घ्यावे आणि ते तडीस न्यावे. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालणे हे त्यासाठी चांगले काम आहे. त्याला खर्च जवळपास नाही, पण पोती भरायला, शिवायला, साखळी करून वाहून न्यायला तीस-चाळीस हात एका वेळी लागतात. पहिल्या दिवशी तळहाताला फोड येतात. दुसऱ्या दिवशी ज्याला बोलता येत नव्हते तो पोती रचण्यात तरबेज निघतो आणि वर्गात पुढे असणारा त्याला विचारू लागतो. मात्र शिबिर तिथे संपवू नये. मार्चमध्ये त्याच मुलांनी पुन्हा त्या ओढ्यावर जावे, पाणी किती उरले ते काठीने मोजावे आणि लगतच्या विहिरीच्या मालकाला विचारावे. बंधारा फुटला असेल तर कुठे चुकले ते गावकऱ्यांपुढे सांगावे आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीसाठी लिहून ठेवावे. आपले काम फसले हे गावासमोर उभे राहून सांगता येणे, हा विद्यार्थ्याच्या आयुष्यातला फार मोठा दिवस असतो.

यातल्या कशालाही शासनाचा नवा आदेश लागत नाही. येत्या जूनमध्ये शाळा-कॉलेजे उघडतील तेव्हा प्रत्येक संस्थेला तीन गोष्टी करता येतील. मेस किंवा स्नेहसंमेलनाच्या खर्चाचा निदान एक भाग विद्यार्थ्यांच्या समितीकडे द्यावा आणि तिने लिहिलेला हिशेब सूचना फलकावर लावावा. चुकला तर तो दुरुस्त करायलाही तिलाच सांगावे, सरांनी रात्रीतून जुळवून देऊ नये. दुसरे, सेवा योजनेचे एक काम निवडावे आणि तीन महिन्यांनी ते पुन्हा पाहायला जाण्याची तारीख आधीच ठरवावी. आणि तिसरे, साफसफाईच्या पाळ्यांची यादी वर्गाच्या भिंतीवर लावावी. त्या यादीत मुलग्यांची आणि मुलींची नावे एकाआड एक असावीत, आणि पहिल्या सोमवारी पहिले नाव मुख्याध्यापकांचे असावे.