जंगलातली मुसळी आता शेतात रुजवू या

पहिला पाऊस पडला की सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या उतारांवर सफेद मुसळीची पाती वर येतात, पाठोपाठ पांढरी फुले डोलू लागतात. पण पूर्वी जिथे ती सहज दिसायची, तिथे आता शोधावी लागते.

कारण उघड आहे. औषधासाठी मागणी मुळ्यांना आहे. बी पडायच्या आधीच झाड खणले जाते आणि मुळ्यांसोबत वरचा डोळाही जातो. पुढच्या वर्षी त्या जागी उगवणार काय? मुसळीच्या बियांची उगवणही कमी, त्यामुळे झालेली हानी लवकर भरून निघत नाही. खणणाऱ्याला बोल लावून भागणार नाही. त्याचे पोट हातावर आहे. मुसळी विकत घेणारे आपणही यात आहोतच.

ही वनस्पती आपल्या मातीतली आहे. 1950 च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाऊ आणि फर्नांडिस यांनी मुंबईजवळच्या बोरिवलीच्या जंगलातूनच तिची शास्त्रीय ओळख जगाला करून दिली. आज अनेक राज्यांत तिची शेती होते. पण शेतातली लागवड बहुधा मुळ्यांपासून होते, म्हणजे त्याच त्या झाडांची पुनरावृत्ती. रोगाला तोंड देणारे, बदलत्या पावसात तगणारे वाण उद्या हवे असतील, तर ते जंगलातल्या विविधतेतूनच मिळतील. म्हणून शेतही हवे आणि जंगलही.

सुरुवात एका गुंठ्यापासून करू या. पाणी न साचणारी भुसभुशीत जमीन निवडू. कुजलेले शेणखत, गांडूळखत आणि निंबोळी पेंड घालून गादीवाफे करू. डोळा असलेली मुळी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी लावून जूनच्या पावसाबरोबर लावू. दोन ओळींत एक फूट, दोन रोपांत अर्धा फूट अंतर ठेवू. तण हातानेच काढू. पाणी साचले तर मुळ्या कुजतात, तेवढे मात्र डोळ्यांत तेल घालून जपू.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाने पिवळी पडून गळतात. तेव्हा घाई नको. मुळ्या जमिनीतच पक्व होऊ द्या, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काढा आणि चांगले बेणे आधी बाजूला ठेवा. बेणे जंगलातून आणू नका, ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या. एकरी लाखोंची स्वप्ने दाखवून महाग बेणे विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहा; खरेदीदार कोण, हे आधी ठरवा.

शेत नसलेल्यांनाही काम आहे. ग्रामसभांनी ठराव करावा: पाने गळण्याआधी खणायचे नाही आणि डोळा परत मातीत लावायचा. रानभाजी म्हणून कोवळी पाने खुडताना मूळ उपटू नये. विद्यार्थ्यांनी गावच्या जैवविविधता नोंदवहीत तिच्या जागा नोंदवाव्यात. वैद्यांनी आणि ग्राहकांनी दुकानात एवढेच विचारावे: ही मुसळी शेतातली की जंगलातली?

पुढचा जून येईल. तोवर आपापल्या गावात दोन-चार शेतकरी एकत्र बसू, बेण्याची सोय करू आणि पहिला वाफा तयार ठेवू. मुसळी वाचवणे आपल्या हातात आहे. चला, कामाला लागू.