नाकारलेल्या प्रवेशाचे वाचन

मराठी विभागातील माणसाने मायएस्क्यूएलविषयी लिहावे, हे काहींना अस्थानी वाटेल. पण आमचा बोलीशब्दसंग्रह याच डेटाबेसमध्ये आहे, आणि गेल्या महिन्यात ग्रंथालयातील संगणकावरून तो उघडेना. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ एवढे दोन शब्द वाचून आम्ही तीनदा पासवर्ड बदलला. मग एका सहकाऱ्यांनी सुचवले की सर्वांना ‘रूट’चाच पासवर्ड देऊन टाकू, कटकट मिटेल. माझा विरोध या उपायाला आहे.

मुळात आम्ही तो संदेश पुरता वाचलाच नव्हता. संहितेतील एकेका शब्दावर तास घालवणाऱ्यांनी पडद्यावरचे वाक्य अर्ध्यावर सोडावे, हे लाजिरवाणेच. त्या वाक्यात वापरकर्त्याचे नाव असते, तो कोणत्या यंत्रावरून आला ते असते आणि पासवर्ड दिला होता की नाही, हेही असते. या प्रणालीत ओळख केवळ नावाने ठरत नाही. नाव आणि ठिकाण मिळून ठरते. ‘लोकलहोस्ट’वरचा ‘नोंदक’ आणि ग्रंथालयातील यंत्रावरचा ‘नोंदक’ हे तिच्या लेखी दोन वेगळे इसम. आमच्याकडे खाते होते ते पहिल्याचे, आणि पासवर्ड बदलत बसलो तोही त्याचाच!

संदेशाचा क्रमांकही बोलका असतो. १०४५ म्हणजे दारातच अडवले. १०४४ म्हणजे त्या डेटाबेसवर अधिकार नाही. ११४२ म्हणजे विशिष्ट तक्त्यावर ती आज्ञा चालवण्याची मुभा नाही. या शेवटच्या दोहोंत पासवर्ड बदलून काहीच साधत नाही. ‘शो ग्रँट्स’ने असलेले अधिकार पाहावेत आणि उणा असेल तेवढाच ‘ग्रँट’ने द्यावा.

‘तेवढाच’ हा शब्द मी हट्टाने वापरतो. वर्षभरापूर्वी संग्रहातील मालवणी शब्दांच्या बऱ्याच नोंदी पुसल्या गेल्या. कोणाच्या हातून, ते आजही ठाऊक नाही, कारण तेव्हा सगळेच ‘रूट’ होते. बॅकअप होता, तो सहा महिन्यांपूर्वीचा. मधल्या काळात ज्या आजींनी शब्द सांगितले, त्या आता हयात नाहीत.

म्हणून विद्यार्थ्यांना ‘सिलेक्ट’ आणि ‘इन्सर्ट’ द्यावे, ‘डिलीट’ नको. हा अविश्वास आहे, असे सहकारी म्हणतात. दुर्मीळ हस्तलिखित वाचायला देताना सोबत कात्री देत नाहीत, त्याला कोणी अविश्वास म्हणत नाही. असो. ग्रंथालयातील यंत्रासाठी आता स्वतंत्र खाते उघडले आहे आणि ‘रूट’चा नवा पासवर्ड विभागात दोघांकडेच आहे. त्यावरून रुसलेल्यांची संख्या मात्र दोनाहून बरीच अधिक आहे.