मुलांस घेऊन चालावयाच्या वाटा



सुटी लागली की मुलांस कोठे न्यावे हा प्रश्न आपल्या गावांतून घरोघरी उभा राहतो. शहरांतील नातलग समुद्र पाहावयास म्हणून दूरचा प्रवास करून येतात. आणि ज्यांच्या अंगणात समुद्राची गाज ऐकू येते ती आमची मुले मात्र कोपऱ्यात बसून हातातील फोनच्या काचेवर डोळे लावून असतात. ह्याविषयी एका मातेजवळ आम्ही बोललो असता ती चटकन म्हणाली, "फादर, आम्ही रोज काय कमी चालतो? बाजार झाला, शेत झाले, विहीर झाली. आणखी सुटीच्या दिवशी मुद्दाम कशाला पाय झिजवायचे?"

तिचे म्हणणे खोटे नव्हे. परंतु कामासाठी चालणे निराळे आणि सोबतीसाठी चालणे निराळे. कामाच्या चालण्यात मन पुढच्या कामात असते. सोबतीच्या चालण्यात ते शेजारच्या माणसात असते. आपल्या कित्येक घरांतील कर्ते पुरुष बोटीवर किंवा आखातात नोकरीस आहेत. ते घरी येतात तेव्हा मुले हातभर वाढलेली असतात आणि बापाशी काय बोलावे हे त्यांना उमजत नाही. जेवणाच्या मेजावर समोरासमोर बसून जे ओठांवर येत नाही, ते शेजारी शेजारी चालताना, एकाच दिशेस पाहत असताना, सहज बोलले जाते. म्हणून दूरच्या सहलीचा खर्च न करता सहकुटुंब चालता येईल अशा काही वाटा ह्या अंकी सांगाव्यात असे आम्ही योजिले आहे.

पहिली वाट समुद्रकाठची. काणकोण तालुक्यातील गालजीबागचा किनारा मुलांस घेऊन जाण्यास फार चांगला. मागे सुरूच्या झाडांची दाट रांग, समोर मोकळी वाळू, आणि जवळच गालजीबाग नदी समुद्रास मिळते ते मुख. सुरूचे झाड मूळचे आपले नव्हे. ते आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया ह्या बाजूंचे असून वारा व वाळू अडविण्यासाठी येथे लावले गेले. आपल्या किनाऱ्याची स्वतःची राखणदार म्हणजे मर्यादवेल. जांभळ्या फुलांची, दुभंगलेल्या पानांची ही वेल वाळूवर पसरते आणि आपल्या मुळांनी वाळू धरून ठेवते. समुद्राची नेहमीची धाव जेथे संपते तेथून ती सुरू होते, ह्यावरूनच पूर्वजांनी तिला हे नाव दिले असावे. मुलांनी ती उपटू नये. ती गेली की वाळूही जाते.

ह्याच वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या अंडी घालण्यास येतात. गोव्यात गालजीबाग, आगोंद, मोरजी व मांद्रे हे त्यांचे मुख्य किनारे. हिवाळ्याच्या महिन्यांत मादी रात्री वर येते, मागील पायांनी खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते व वाळूने तो झाकून परत जाते. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिले बाहेर पडतात. गंमत अशी की पिलू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. अधिक उबेत माद्या होतात. पिलांस समुद्राची वाट दाखविणारे कोणी नसते. जिकडे उजेड अधिक तिकडे ती धावतात. मनुष्याने दिवे लावले नसतील तर तो उजेड समुद्रावरच्या मोकळ्या आकाशाचा असतो. विजेचा झोत मागे असला की बिचारी उलट फिरतात आणि कुत्र्यांच्या वा कावळ्यांच्या तोंडी पडतात. म्हणून ह्या दिवसांत रात्री तेथे विजेऱ्या घेऊन जाऊ नये, आणि वन खात्याने कुंपण घातलेल्या जागेस हात लावू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ह्या प्राण्यास सर्वोच्च संरक्षण दिले आहे.

ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते. ती पाऊलभरही मोठे नसलेल्या खेकड्यांची करणी होय. ते वाळू तोंडात घेतात, तिच्यातील अन्न खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूस टाकतात. भरती ती नक्षी पुसून टाकते आणि पुढच्या ओहोटीस ते पुन्हा आरंभ करतात. पाच वर्षांचे मूल हे पाहत अर्धा तास उकिडवे बसू शकते; वडील मंडळींनी त्यास घाई करू नये.

आता वेळ कशी साधावी? आपल्या कोळी व खारवी बांधवांचा एक जुना हिशेब आहे. पक्षाची तिथी घ्यावी, तिची पाऊणपट करावी. जितका आकडा येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीस तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या आसपास ओहोटी; त्या दिवशी सातला निघावे. पौर्णिमेस वा अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे सायंकाळी साडेपाचच्या आसपास ओहोटी. त्या दिवशी उन्हे उतरल्यावर निघावे. मात्र त्याच दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी फार आत जाते व तितक्याच जोराने वर येते, हे विसरू नये. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा फरक थोडा. हा हिशेब अंदाजाचा आहे, तासाभराचा फरक पडू शकतो. नेमकी वेळ हवी असल्यास मुरगांव बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. मुलांस हा हिशेब स्वतः करू द्यावा. शाळेतील गुणाकार कशाच्या उपयोगी पडतो हे त्यांना अशाने कळेल.

येथे आम्हांस एक कठोर गोष्ट सांगणे भाग आहे. पाण्यात बुडून कोणाचा तरी मुलगा गेला, असा निरोप पुष्कळदा आमच्यापर्यंत येतो, आणि त्या घरी काय बोलावे हे आम्हांलाही सुचत नाही. जाणारा बहुधा पोहणाराच असतो. लाटांनी काठावर आणलेले पाणी परत जाताना एखादी अरुंद वाट धरते. तेथे लाटा फुटत नाहीत, पाणी शांत व किंचित गढूळ दिसते. अजाण मनुष्य नेमका तेथेच उतरतो आणि आत ओढला जातो. अशा वेळी किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. तरंगत राहावे, किनाऱ्यास समांतर असे बाजूस सरकावे, आणि ओढ संपली की मग आत यावे. काठावरच्यांनी मागोमाग उडी न घालता दोर किंवा एखादी तरंगणारी वस्तू फेकावी. एकास वाचविण्यास गेलेले दोघे बुडाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. पावसाळ्यात तर समुद्र केवळ दुरून पाहावा. नदीच्या मुखाशी कोणत्याच ऋतूत उतरू नये. गोव्याच्या पुष्कळ किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात; परंतु सर्वत्र नसतात, आणि अंधार पडल्यावर त्यांच्या भरवशावर राहता येत नाही.

दुसरी वाट रानातली. गालजीबागहून फार दूर नव्हे, पैंगीणजवळ खोतीगावच्या अभयारण्याचे प्रवेशद्वार आहे. १९६८ साली घोषित झालेले हे अरण्य सुमारे ८६ चौरस किलोमीटर आहे. आत लहानमोठ्या पायवाटा आखलेल्या आहेत. म्हाताऱ्या माणसांनी व लहानग्यांनी त्यांतील आखूड वाट धरावी. सकाळ लवकरची घ्यावी. ऐन, किंजळ, जांभूळ ह्यांच्या उंच फांद्यांत शेकरू दिसण्याचा संभव अधिक. खोडावर निपचित बसलेला उडता सरडा एकाएकी पंखासारखे कातडे पसरून दुसऱ्या झाडाकडे तरंगत जातो, तो पाहण्यास मात्र शांतता पाळावी लागते. अरण्यात वेळीप समाजाची वस्ती आहे; त्यांच्या अंगणात विचारल्याशिवाय शिरू नये, आणि जेथे ते वहाणा काढतात तेथे आपणही काढाव्यात.

रानात पूर्ण बाह्यांचे कपडे व बंद पादत्राणे घालावी, पालापाचोळ्यात हात घालू नये. साप चावल्यास जखम कापणे, रक्त चोखणे, दोरीने आवळणे हे सर्व टाळून, तो अवयव न हलविता रोग्यास थेट इस्पितळात न्यावे. गोचिडींपासूनही जपावे. माकडताप हा रोग १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला आणि २०१५ साली आपल्या सत्तरीतही त्याने बळी घेतले. रानात मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वन खात्यास कळवावे. घरी आल्यावर कपडे धुऊन अंग नीट तपासावे.

तिसवाडीकडील वाचकांस काणकोण दूर पडेल. त्यांनी रायबंदरहून फेरीबोटीने चोडण गाठावे. धक्क्यास लागूनच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली स्थापन झालेले, केवळ १.७८ चौरस किलोमीटरचे. तिवरांमधून बांधीव वाट जाते. चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतात आणि तिवरांची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून बोटांसारखी वर आलेली दिसतात.

घरच्यांसाठी दोन नियम. एक, डबा बांधण्याचा भार एकट्या आईवर पडू नये. नाही तर तिचे स्वयंपाकघरच केवळ रानात हलविल्यासारखे होईल. दुसरा, चालण्याचा वेग घरातील सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवावा, आणि ती बहुधा आजी असते. आम्ही एका कुटुंबाबरोबर चाललो असता तिन्ही नातवंडे पुढे धावत होती. आजी एका दगडावर टेकली आणि हाताशी असलेल्या झाडाची साल चुरून धाकट्याच्या नाकाशी धरून म्हणाली, "ओळख पाहू!" पुढचा तासभर ती तिघे तिला सोडावयास तयार नव्हती. कोणत्या झाडाचे लाकूड वाळवीस दाद देत नाही, कोणत्या पानात भाकरी भाजावी, हे सर्व तिच्या बोटांत होते. मुलांच्या आईस ह्यांतील निम्मीच नावे ठाऊक होती, आणि मुलांस एकही नाही. तीन पिढ्यांत एवढे गळाले. झाडे अद्याप उभी आहेत. परंतु ही आजी गेल्यावर त्यांची नावे कोण सांगणार?

म्हणून आमची वाचकांस एक विनंती आहे. येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर, दूर जमत नसेल तर गावाच्याच टेकडीपर्यंत, घरातील वडीलधाऱ्यांस घेऊन चालावे. त्यांनी सांगितलेली दहा झाडांची नावे व त्यांचे उपयोग मुलांनी स्वतःच्या अक्षरांत कागदावर लिहून चर्चच्या कार्यालयात आणून द्यावेत. तीच नावे दोन घरांत निरनिराळी निघाली तरी हरकत नाही, दोन्ही लिहावीत. ती सर्व आम्ही ह्याच सदरात क्रमाने छापू.