आधी पाणी तपासा

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा नवी मुंबईतील नेरूळच्या वसाहतींना अगदी खेटून आहे. तेथील नळांना मोरबे धरणाचे पाणी येत असल्याने पायाखालच्या पाण्याची विचारपूस करण्याची निकड सहसा कोणाला भासत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा नवी मुंबईला 73.77 गुण मिळाले होते, आणि 70 च्या पुढचे क्षेत्र अतिगंभीर गणले जाते, ही गोष्टही आता विस्मरणात गेली आहे.

अशा औद्योगिक क्षेत्रांत धातूच्या सुट्या भागांवरील तेलकटपणा काढण्यासाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीन हे विद्रावक, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणारे द्रव, कर्करोगकारक आहे. शिवाय ते पाण्यापेक्षा जड असल्याने सांडल्यावर भूजलाच्या पातळीवर न थांबता कातळाच्या भेगांतून खाली उतरत जाते आणि नुसत्या उपशाने दशकानुदशके निघत नाही. अशा ठिकाणी उपयोगी पडतो तो डीहॅलोकोकॉइडिस हा जिवाणू. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 1997 मध्ये त्याची पहिली नोंद केली. माणूस ऑक्सिजनवर श्वसन करतो, तसा तो ऑक्सिजनविरहित जागी क्लोरीनयुक्त संयुगांवर श्वसन करतो आणि रेणूतील क्लोरीनचा एकेक अणू काढून तेथे हायड्रोजन बसवतो. अखेरीस उरते ते एथिलीन, आढीतला आंबा पिकवणारा तोच वायू.

हे केवळ प्रयोगशाळेतले कौतुक नव्हे. अमेरिकेतील आयडाहो येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या आवारात 1999 पासून भूजलात लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचा क्षार, सोडण्यात आला; त्याच्या किण्वनातून जिवाणूंना लागणारा हायड्रोजन मिळाला आणि विद्रावकाचे विघटन घडले. तेथील खडक भेगाळलेला बेसाल्ट आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद. त्यामुळे हे उदाहरण येथे दूरचे ठरत नाही. अर्थात भेगा कोठून कोठे जातात हे ठाऊक नसताना लॅक्टेट ओतणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले असून, संशयित स्थळांची माहिती स्थानिक यंत्रणेने द्यावी, राज्य मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करावी आणि शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषकाने सोसावा, अशी तरतूद त्यांत आहे. महापालिकेने औद्योगिक पट्ट्यालगतच्या बोअरवेलपासून संशयित स्थळांची यादी सुरू करावी आणि तपासणीचे आकडे लोकांपुढे ठेवावेत. त्या आकड्यांत व्हिनाइल क्लोराइडचा रकाना असलाच पाहिजे, कारण अनेक जिवाणू डायक्लोरोएथिलीन या मधल्या टप्प्यापाशी अडतात, काही ठिकाणी विघटन त्यापुढच्या व्हिनाइल क्लोराइडवर थबकते, आणि हा पदार्थ मूळ विद्रावकाहून अधिक घातक असूनही फक्त ट्रायक्लोरोएथिलीन मोजणाऱ्या अहवालात ते पाणी स्वच्छ झालेले दिसते.