पिल्लाच्या आधी त्याची आई पाहा

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, हैदराबाद-नागपूर महामार्गावरच्या इचोड्यात कुणाला लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्डचे पिल्लू घ्यायचे असेल, तर शोध बहुधा मोबाइलपासूनच सुरू होतो. विकणारा हैदराबादचा, नागपूरचा, नाहीतर नांदेडकडचा. तो फोटो पाठवतो, भाव सांगतो, ‘डबल बोन आहे, शो क्वालिटी आहे’ अशी ग्वाही देतो आणि टोकन मागतो. पैसे पोचले की पिल्लू खोक्यात घालून रात्रीच्या गाडीने पाठवायला तो तयार असतो. कधी पैसे घेऊन फोनच बंद होतो. पण पिल्लू हाती आले म्हणजे फसवणूक झाली नाही, असे मुळीच नाही.

म्हणून घेणाऱ्याने एक पथ्य कटाक्षाने पाळायला हवे. पिल्लू जिथे जन्मले तिथे जाऊन, त्याच्या आईजवळ ते पाहिल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही.

कायदा आहे. केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम लागू केले. त्यानुसार ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ८ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. मादी १८ महिन्यांची होण्याआधी आणि ८ वर्षांनंतर तिची पैदास करता येत नाही. वर्षाला एकच वेत आणि जन्मभरात जास्तीत जास्त ५. लसी, मायक्रोचिप, नोंदवही हे सगळे आलेच. पण ज्या १९६० च्या कायद्याखाली हे नियम आहेत, त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला आजही १० ते ५० रुपयांचा दंड आहे. हजारो रुपयांना पिल्लू विकणाऱ्याला त्याची काय भीती? घरात किंवा शेडमध्ये चालणाऱ्या पैदाशीवर सरकारी नजर क्वचितच पडते. तिथे पोचणारा माणूस एकच, तो म्हणजे गिऱ्हाईक. तोच फोटोवर भागवत असेल, तर नियम कागदावरच राहणार.

८ आठवड्यांची अट सर्रास मोडली जाते, त्याला कारण आहे. महिनाभरानंतर पिल्ले वरचे खाऊ लागतात. ७-८ पिल्लांचे खाणे, जंताचे औषध, पहिली लस, हा खर्च चढत जातो. शिवाय पिल्लू जितके लहान, तितके गोंडस दिसते आणि पटकन खपते. म्हणून ३०-३५ दिवसांचे पिल्लू ‘दोन महिन्यांचे’ म्हणून निघते. भावंडांशी खेळताना जोरात चावायचे नाही, हे पिल्लू महिना ते दोन महिन्यांच्या याच काळात शिकते. आधीच तोडून आणलेले पिल्लू भित्रे किंवा चावरे झाले, तर दोष त्याचा नव्हे.

सगळ्यात मोठा धोका पार्व्होचा. उलट्या आणि रक्ताची हगवण लावणारा हा विषाणू पिल्लांचे प्राण घेतो. शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा ३ ते ७ दिवस जातात. त्यामुळे विकताना उड्या मारणारे पिल्लू नव्या घरी आठवड्याच्या आत आडवे पडू शकते, आणि ब्रीडर म्हणतो, ‘आमच्याकडे ठणठणीत होते, तुमच्याकडे येऊन आजारी पडले.’ आजार कुठून आला, हे सिद्ध करणे घेणाऱ्याला जमत नाही. विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो. त्यामुळे त्याच अंगणात लस न घेतलेले दुसरे पिल्लू आणले, तर त्यालाही तो गाठतो.

प्रत्यक्ष गेल्यावर काय पाहायचे? आधी आई. पिल्ले पाजणारी कुत्री थोडी उतरलेली असते, स्तन ओघळलेले असतात, ते स्वाभाविक आहे. पण बरगड्या मोजता येत असतील, अंगावर चट्टे असतील, माणूस दिसताच ती कोपऱ्यात दडत असेल, तर उठून यावे. ‘आई गावाला आहे’ हे उत्तर ऐकले तरी उठावे. मग पिल्लाचे तोंड उघडावे. ८ आठवड्यांच्या पिल्लाला साधारणपणे सगळे २८ दुधाचे दात आलेले असतात. दाढांची जागा मोकळी असेल, तर वय खोटे सांगितले आहे असे समजावे. हिरड्या गुलाबी हव्यात. हातपाय काड्या आणि पोट नगाऱ्यासारखे, म्हणजे जंत. लसीच्या कार्डावर बाटलीचे लेबल, तारीख आणि पशुवैद्यकाची सही हवी. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांत आणि पुढच्या मात्रा ३-४ आठवड्यांच्या अंतराने द्यायच्या असतात. त्यामुळे दीड महिन्याच्या पिल्लाला ‘तिन्ही लसी झाल्या’ म्हणणारा खोटे बोलतो आहे. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंशावळ सांगतो, तब्येतीची हमी देत नाही.

चांगला ब्रीडर उलट आपल्यालाच प्रश्न विचारतो. घरी दिवसभर कोण असते, अंगण आहे का, उन्हाळ्यात कुत्रा कुठे राहील? आदिलाबाद जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. इथल्या गिऱ्हाइकाला सायबेरियन हस्की बिनदिक्कत विकणाऱ्याला कुत्र्याशी देणेघेणे नसते. पगचेही तसेच झाले. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि देशभर पगची मागणी वाढली. चपट्या नाकामुळे उन्हात त्याला धाप लागते, हे अनेकांना पिल्लू घरी आल्यावर कळले.

या मुलखाचा स्वतःचा कुत्रा मात्र दूर नाही. नांदेड-लातूर पट्ट्यात कारवानी आणि कान-शेपटीवर लांब केस असलेला पश्मी पिढ्यान्‌पिढ्या पाळले जातात. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत श्वान प्रदर्शन भरते. मुधोळच्या घोरपडे राजांनी कारवानी जातीचीच मुधोळ हाउंड म्हणून जोपासना केली आणि भारतीय डाक विभागाने २००५ मध्ये मुधोळ हाउंडचे तिकीट काढले. शेतकऱ्याच्या दारातली कुत्री व्याली, तर आई डोळ्यांसमोर असते आणि मालक गावाला माहीत असतो. मात्र मागणी वाढली की इथेही लवकर पिल्ले तोडण्याचा मोह होतो, म्हणून तपासणी इथेही तीच करावी. कारवानीला रोज धावायला मोकळे रान लागते. ते देता येणार नसेल, तर गल्लीतले बेवारस पिल्लू घेऊन त्याला लसी टोचाव्यात.

‘एका पिल्लासाठी इतक्या लांब कोण जाणार?’ हा प्रश्न रास्त वाटतो. पण लॅब्राडॉर साधारण १०-१२ वर्षे घरात राहतो, त्यासाठी एका दिवसाचा प्रवास फार नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून ‘लुसीज लॉ’ लागू आहे. पिल्लांच्या कारखान्यातून सोडवलेल्या एका कुत्रीच्या नावाचा हा कायदा. ६ महिन्यांच्या आतले पिल्लू तिथे मध्यस्थ व्यापारी विकू शकत नाही. ब्रीडरने ते स्वतः, जन्मस्थानी, आईसोबत दाखवावे लागते.

आपल्याकडे सीमेमुळे अडचण दुहेरी होते. पिल्लू महाराष्ट्रात जन्मते आणि तेलंगणात विकले जाते. तक्रार नेमकी कुणाकडे करायची, हे इचोड्याच्या माणसाला कोण सांगणार? दोन्ही राज्यांच्या प्राणी कल्याण मंडळांनी नोंदणीकृत ब्रीडरांची नावे आणि क्रमांक प्रत्येक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर तेलुगू आणि मराठीत लावावेत, खाली तक्रारीचा फोन नंबर द्यावा. तोवर गिऱ्हाइकाने पहिल्याच फोनवर नोंदणी क्रमांक विचारावा आणि आई पाहायला कधी येऊ, हेही विचारावे.